मालिश, पंचकर्म, फिजिओ : दोन पेशंटच्या मध्ये तुम्ही नक्की काय करता?

निर्गुडी
नाशिकला पंचकर्माचं छोटं सेंटर सुरू करतेय. जागा मिळाली, द्रोणी (पंचकर्माचं टेबल) आली, दोन थेरपिस्ट मुली ठरल्या. दोघींचा हात छान आहे, अनुभवही आहे. बोलता बोलता मी विचारलं, एक पेशंट उठला आणि दुसरा यायचाय, तर मधल्या वेळात काय करायचं? उत्तर आलं, "चादर झटकायची, हात धुवायचे." हात कशाने, कुठपर्यंत, पंचा कुठे टाकायचा, वाटीत उरलेल्या तेलाचं काय, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नाही. यात त्यांचा दोष नाही. अभ्यंगाची दिशा, दाब, वेळ सगळं शिकवलं जातं, नेमकं हेच राहतं.

संसर्ग म्हटलं की सगळे सुई आणि रक्ताबद्दल बोलतात. माझ्या मते आपल्या कामातली मोठी वाट त्वचेची आहे. खरूज, गजकर्ण, केसतूड, चिखल्या. तासभर एकाच्या अंगावर फिरलेले हात लगेच दुसऱ्याच्या अंगावर जातात. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहा. पुस्तकातलं मलाही माहीत आहे, रोजच्या धबडग्यात काय टिकतं ते हवंय.

सांधेजोड
ठाण्यात फिजिओ आहे, निम्मं काम घरी जाऊन.

पहिली गोष्ट सॅनिटायझरची. तेलकट हातावर तो चालत नाही. तेलाचा थर असला की अल्कोहोल नीट पोचत नाही. मालिशनंतर साबण आणि वाहतं पाणी, दुसरा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेत साबणाने हात धुण्याची सगळी कृती ४० ते ६० सेकंदांची आहे आणि सॅनिटायझरची २० ते ३० सेकंदांची. तेल असेल तर दोनदा साबण लावा, पहिला हात तेलालाच जातो. आणि आपण कोपराने, पुढच्या हातानेही दाब देतो, तेव्हा मनगटाशी थांबू नका, कोपरापर्यंत धुवा.

घरी गेल्यावर लोक प्रेमाने बेसिनजवळचा नॅपकिन पुढे करतात. तो सगळ्या घराचा असतो. मी कागदी नॅपकिन सोबत ठेवतो आणि "काकू, माझ्याकडे आहे" म्हणून बाजूला होतो. कोणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

चिंचोका
मी पेशंट. कंबरेसाठी एका ठिकाणी जायचो. मशीनच्या पट्ट्याखाली जे स्पंज लावतात ते कायम ओले आणि कुबट वासाचे. विचारलं तर "आत्ताच धुतलेत." धुतलेत म्हणजे काय, हे कसं ओळखायचं?

सांधेजोड
@चिंचोका, वास येतोय म्हणजे ते सुकत नाहीत. आयएफटीचे, म्हणजे दुखऱ्या जागी सौम्य वीज देणाऱ्या त्या मशीनचे, स्पंज दिवसभर एकाच ताटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय फार ठिकाणी आहे, आणि साचलेल्या ओलाव्यात स्यूडोमोनाससारखे जंतू मजेत वाढतात. प्रत्येक पेशंटनंतर साबणाने धुणं, जंतुनाशकात ठेवणं, स्वच्छ पाण्याने खळखळून काढणं आणि रात्री पूर्ण वाळवणं एवढं हवंच. त्याहून सोपं म्हणजे आठ-दहा बैठका असलेल्या पेशंटला स्वतःची जोडी द्यायची, नाव घातलेल्या पिशवीत. किंमत फार नाही.

अल्ट्रासाउंडच्या जेलचंही तसंच. मोठ्या कॅनमधून लहान बाटली भरायची, ती संपली की न धुता पुन्हा भरायची. परदेशात दूषित जेलमधून रुग्णालयांत बर्कहोल्डेरिया या जंतूच्या साथी पसरल्याची उदाहरणं आहेत. बाटलीचं टोक कातडीला टेकवायचं नाही आणि रिकाम्या बाटलीत वरून ओतायचं नाही. प्रोबचं (कातडीवर फिरवायच्या भागाचं) डोकं दर पेशंटनंतर आधी पुसून जेल काढायचं, मग उत्पादकाने सांगितलेल्या जंतुनाशकाने पुसायचं.

मेणाच्या बाथबद्दल तर ठाम गैरसमज आहे, की गरम आहे म्हणजे जंतू मरतात. ते मेण साधारण ५२ ते ५४ अंशांवर असतं. तेवढ्याने भरवसा ठेवता येत नाही. हात धुऊनच बुडवायचा, जखम असेल तर अजिबात नाही, आणि सोललेलं मेण परत भांड्यात टाकायचं नाही.

भटक्या
एवढं करण्यापेक्षा हातमोजे घालून मालिश केली तर?

निर्गुडी
@भटक्या, साधे लेटेक्सचे मोजे तेलाने खराब होतात. दहा मिनिटांत ढिले पडतात, कुठे फाटले ते कळतही नाही. तेलात नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) टिकतात. पण मोजा घातला की हात धुवायचे नाहीत अशी समजूत होते, ती जास्त घातक. त्याच मोज्याने दाराची कडी, मोबाइल, तेलाची बाटली. आणि स्नायू कुठे आखडलाय ते बोटाला कळायला हवं, तो स्पर्श मोज्यात निम्मा जातो. बोटाला चीर असेल तर मोजा. पेशंटच्या अंगावर जखम किंवा पुरळ असेल तर तिथे हातच लावायचा नाही. इतर वेळी धुतलेला उघडा हात, असं माझं मत आहे.

त्वचा_ओपीडी
धागा पाहून लॉगइन झाले. खरजेबद्दल लिहायलाच हवं.

खरूज एका बारीक किडीमुळे होते आणि ती कातडीत बोगदा करून राहते. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. थेरपिस्टला खाज सुटेपर्यंत ती महिनाभर लोकांना मालिश करत असते आणि तिलाही ठाऊक नसतं. त्यामुळे "मला काही होत नाहीये" हा पुरावा नाही.

बघायचं कुठे? बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, कमरेच्या नाडीखाली, बेंबीभोवती. बारीक पुरळ, ओरखडे, आणि कधीकधी पेन्सिलने ओढल्यासारखी राखाडी, वाकडी, काही मिलिमीटरची रेघ. रात्री खाज वाढते आणि घरात एकापेक्षा जास्त जण खाजवत असतात. एवढं जुळलं की मालिश थांबवा आणि डॉक्टरकडे पाठवा. मलम मानेपासून पायापर्यंत सगळीकडे लावायचं असतं, नुसतं खाजेच्या जागी नव्हे. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा लागतं. उपचार एकट्याने केला की ती घरातल्या घरात फिरत राहते. कपडे-चादरी ५० अंशांच्या पुढच्या गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगापासून दूर ही कीड त्यापुढे सहसा जगत नाही.

गजकर्णाचं सध्या वेगळंच दुखणं आहे. मेडिकलमधून कोणालाही मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लोक महिनोन्‌महिने लावतात. खाज थांबते, बुरशी आत वाढत राहते, चट्ट्याची कडा पुसट होते. २०२० साली भारतावरून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नावच एका बुरशीला मिळालं, आणि नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारं दुखणं आता महिने घेतं. म्हणून जांघेत, कमरेला, पाठीवर गोल किंवा पुसट लालसर चट्टे दिसले तर "थोडं तेल लावून बघू" म्हणू नका. तेलाने पसरतं आणि पुढच्याला मिळतं.

रानजाई
डॉक्टर, खूप उपयोगी. माझ्या बाळंतपणात येणाऱ्या मावशी दिवसाला सहा घरं करायच्या. हातात कोपरापर्यंत काचेच्या हिरव्या बांगड्या. सासूबाईंना ते शुभ वाटायचं, मला बाळाच्या पाठीवर काच फुटायची भीती वाटायची. त्यांना बांगड्या काढा म्हणायचं कसं?

लीड्सकर
इथे एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) फिजिओ आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून कोपराखाली काहीही नाही असा नियम आहे. घड्याळ नाही, लांब बाही नाही, बांगड्या नाहीत. साधी वेढणी तेवढी चालते. बांगडीखालची कातडी धुतलीच जात नाही, ओली राहते आणि तिथे जंतू साचतात. अंगठीचं तेच. मनगटावरचे गंडेदोरे त्याहून वाईट, कारण ते सुकतच नाहीत. इथे सुरुवातीला आपल्या आणि पंजाबी मुलींची कुरबुर झाली. मग सगळ्यांसाठी एकच नियम आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला.

कोपरखळी
आमच्या मावशींना सासूबाईंनीच सोनेरी पाटल्या घेऊन दिल्या, आल्या की काढून डबीत ठेवायच्या. मावशी वर म्हणाल्या, "आता घड्याळही द्या, म्हणजे ते पण काढून ठेवते." त्या दिवसापासून मानही राहिला आणि मनगटंही मोकळी.

रानजाई
हे जमेल! बहिणीच्या वेळी करणार.

आडवा_छेद
सगळं वाचलं. जरा जास्त होतंय असं नाही वाटत? पिढ्यान्‌पिढ्या बायका बाळांना तेल लावत आल्या. कोणी नायट्राइल घातले नव्हते. बाळं मोठी झालीच.

त्वचा_ओपीडी
@आडवा_छेद, जी मोठी झाली तीच आज आपल्याला भेटतात. नाळेवर राख, शेण, तेल लावण्याने आणि अस्वच्छ हातांनी नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा. भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य झालं ते २०१५ साली. आईला लस, दवाखान्यात बाळंतपण, स्वच्छ ब्लेड आणि स्वच्छ नाळ यातून ते साधलं. मालिश चांगलीच आहे, मी विरोधात नाही. नाळ पडेपर्यंत बेंबीला तेल नको, ती कोरडी ठेवा. नाकात-कानात तेलाचे थेंब नकोत, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. सिझेरियनच्या टाक्यांवर डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात नको. आणि मावशींना ताप, खोकला, अंगावर खाज किंवा बोटाला नखुरडं असेल त्या दिवशी सुट्टी, पैसे न कापता.

आडवा_छेद
धनुर्वाताचं माहीत नव्हतं. नाळेचा मुद्दा मान्य. तरी दर पेशंटला नवी चादर, नवा पंचा हा खर्च छोट्या सेंटरला झेपणार का, हा माझा प्रश्न कायम आहे.

हाताला_काम
मी स्वतः थेरपिस्ट आहे. दहा वर्षांहून जास्त झाली. मोबाइलवर लिहितेय, चुका समजून घ्या.

वरचं सगळं पटतं पण आमच्या बाजूने पण बघा. बहुतेक ठिकाणी पगार पेशंटवर. एक झाला की लगेच दुसरा आत, मध्ये पाच मिनिटं. त्यात द्रोणी पुसायची, पेशंटला आंघोळीचं पाणी द्यायचं, पोटल्या गरम करायच्या. हात कधी धुणार? आणि अंगाला खाज सुटली तर आम्ही सांगत नाही, कारण सांगितलं की घरी बसवतात आणि तेवढ्या दिवसांचे पैसे गेले. मी एका ठिकाणी असताना एका मुलीला बोटात पू झाला होता, ती चिकटपट्टी लावून काम करत होती. मालकिणीला दिसत होतं.

दुसरं, दिवसभर साबणाने हात इतके फुटतात की चिरांतून रक्त येतं. त्यावर मीठ-मिरचीचं स्वयंपाकाचं काम घरी जाऊन. रात्री हाताला लावायला साधं व्हॅसलीन तरी सेंटरने द्यावं. फुटलेल्या हातातूनच सगळं आत जातं ना?

निर्गुडी
ताई, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. धागा काढला तो याच्यासाठी. पगार महिन्याचाच ठरवतेय, आणि त्वचेच्या दुखण्याची सुट्टी भरपगारी. हे आजच मुलींना सांगते.

त्वचा_ओपीडी
@हाताला_काम, बरोबर. फुटलेली कातडी जंतूंना उघडं दार देते. सौम्य, बिनवासाचा साबण, कोमट पाणी, रगडून न पुसता टिपून कोरडं करणं आणि दिवसातून दोन-तीनदा मलम. खरजेचा उपचार नीट झाला तर बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून काम करता येतं. म्हणजे मालकाला सुट्टी देऊन होणारं नुकसान अगदी थोडं आहे, लपवल्याने होणारं मोठं.

वैद्य_कृष्णाकाठ
उशिरा आलो. आयुर्वेदात हे नाही असं कोणी म्हणू नये म्हणून दोन संदर्भ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी रोग माणसाकडून माणसाकडे कसे जातात ते सांगितलंय. त्यात अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र जेवण, एकत्र झोपणं-बसणं यांच्या जोडीला दुसऱ्याचे कपडे आणि अनुलेपन, म्हणजे अंगाला लावायचे लेप, स्पष्ट येतात. आणि चरकाने परिचारकाचे जे चार गुण मानले त्यात कौशल्य आणि रुग्णाविषयी माया यांच्या बरोबरीने शौच, म्हणजे स्वच्छता, आहे.

आता व्यवहार. शिरोधारेचं (कपाळावर धरायच्या धारेचं) तेल एकाच पेशंटला पुढचे काही दिवस वापरतात, नाव-तारखेच्या बरणीत. दुसऱ्याला कदापि नाही. उरलेलं तेल मोठ्या बरणीत परत ओतायचं नाही. मी सकाळीच पेशंटगणिक वाट्या भरून घ्यायला लावतो, बरणीत हात जातच नाही. कटिबस्तीची, म्हणजे कमरेवर तेल साठवायची, उडदाची पाळ त्या पेशंटबरोबर टाकायची. बस्तीचा (एनिमाचा) कॅथेटर एकदाच. नस्याचा ड्रॉपर नाकाला टेकला की दुसऱ्याला नाही. रक्तमोक्षणाची जळू एका रुग्णाला लावली की दुसऱ्याला कधीही नाही, त्याबाबत तडजोड चालत नाही. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतलं आहे आणि छोट्या दवाखान्यांनाही लागू आहे. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने कावीळ ब ची लस घ्यावी, नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो.

भटक्या
नाजूक प्रश्न. पेशंट एचआयव्हीचा किंवा कुष्ठरोगी असेल तर थेरपिस्टला आधी कळायला नको का?

सांधेजोड
नको. दोन्ही आजार मालिशने पसरत नाहीत. एचआयव्ही अखंड कातडीच्या स्पर्शातून जात नाही, आणि ज्यांना आहे त्यातल्या अनेकांना स्वतःलाच माहीत नसतं. म्हणूनच काळजी सगळ्यांच्या बाबतीत सारखी घ्यायची. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने त्या कारणावरून उपचार नाकारता येत नाही. कुष्ठरोगात औषधं सुरू झाली की संसर्गाची भीती लवकरच संपते. उलट बधिर, आखडत चाललेल्या बोटांना पाण्यात भिजवणं, तेल लावणं, ताणाचे व्यायाम देणं हे आमच्या उपचारातच येतं. मी वरोऱ्याला आनंदवनात काही दिवस राहून आलोय. त्या हातांना हात लावायला घाबरणारा फिजिओ बघवत नाही.

जास्त सांभाळायचं ते छातीचा फिजिओ देताना. पेशंट तोंडासमोर खोकतो. कफ तपासून क्षयरोग नाही हे कळेपर्यंत एन९५ मास्क, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एसी बंद.

माड_आणि_पोफळी
रत्नागिरीहून. इकडे जून ते सप्टेंबर पंचे वाळतच नाहीत. बाहेरून कोरडे, घडीत दमट. मी जाड टॉवेल बंद केले. पातळ सुती पंचे घेतले, गरम पाण्यात धुऊन पंख्याखाली वाळवते आणि वर कडक इस्त्री. तेलकट कपडे वेगळ्या बादलीत, आधी सोडा आणि गरम पाणी. @आडवा_छेद, खर्चाचं म्हणाल तर पातळ पंच्याला टॉवेलच्या मानाने पाणी, साबण, वेळ सगळंच कमी लागतं. वापरलेला पंचा झाकणाच्या डब्यात, धुतलेला कपाटात, आणि दोन्ही एका हाताने एकाच वेळी उचलायचे नाहीत.

चिंचोका
आणखी एक विचारतो. पेशंटला त्वचेचं विचारता तेव्हा लोक चिडत नाहीत?

वैद्य_कृष्णाकाठ
अंग बघितल्यावर विचारलं तर चिडतात. वेळ देतानाच फोनवर सगळ्यांना एकच वाक्य : "अंगावर खाज, पुरळ, जखम, ताप, डोळे आलेत असं काही असेल तर कळवा, तारीख पुढे घेऊ, पैसे कापणार नाही." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात असा नियम असला की माणसं ताप अंगावर काढून येतात. नागीण असलेला पेशंट तर दुखतंय म्हणून मालिशलाच येतो. फोड पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका, आणि गरोदर किंवा कांजिण्या न झालेल्या थेरपिस्टला त्याच्याजवळ पाठवू नका.

निर्गुडी
हे वाक्य जसंच्या तसं घेतेय. आतापर्यंत ठरलेलं असं : दोन पेशंटमध्ये वीस मिनिटं आणि ती पगारी, कोपरापर्यंत साबण, सकाळी भरलेल्या वाट्या, पातळ पंचे, झाकणाचे दोन डबे, मनगटं मोकळी. एकच अडलंय. माझी द्रोणी लाकडी आहे. ती रोज कशी साफ करायची? ब्लीच चालेल?

माड_आणि_पोफळी
लाकूड तेल पितं, ब्लीचने ते खराब होईल आणि तेलाच्या थरावर ब्लीचचा उपयोगही होत नाही. आधी बेसन किंवा साबण आणि कढत पाणी, मग कोरडं पुसून उन्हात किंवा पंख्याखाली. वर दर पेशंटला धुतलेलं मेणकापड आणि त्यावर चादर, म्हणजे अंग लाकडाला लागतच नाही. सांध्यात चिरा पडल्या असतील तर सुतार बोलवून बुजवून घ्या, तेल तिथेच साचतं.

सांधेजोड
+१. ब्लीच फरशी आणि फायबरच्या टेबलासाठी ठेवा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी रोजच्या पुसण्याला. रक्त सांडलं तर आधी मोजे घालून टिपून घ्यायचं, मग १ भागाला ९ भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवून पुसायचं. रोज ताजं बनवा, आणि संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मुलींना हे पहिल्याच दिवशी दाखवा.

हाताला_काम
ताई, मेणकापडाच्या दोन्ही बाजू पुसायला सांगा. खालच्या बाजूला तेल उतरतं आणि ते कोणी बघत नाही.